गाळलेला ‘कदाचित’

धरमपेठ, मंगळवार, मे १९८३

संध्याकाळी काटोलकडचे शामराव आले. संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. गेल्या महिन्यात माझ्या भाषणाला पहिल्या रांगेत होते. सहज म्हणाले, “तुमच्या म्हनन्यावर बगीचा काढून राहिलो, भाऊ. दोन ओळी तोडल्या. इकडचा पाऊस आटनार म्हनले ना तुमी?”

दोन ओळी!

कोळशाच्या धुराने पृथ्वीची हवा तापते आहे, हे मी बोललो आणि उद्याही बोलेन. परदेशातल्या एका शास्त्रीय निबंधाचा दाखला हल्ली जो तो देतो. मी तो मुळातून वाचला आहे, हा माझा तोरा. त्यात उष्णतेबद्दल ठाम विधान आहे. आपल्याकडचा पाऊस घटण्याबद्दल मात्र लिहिलं आहे, ‘कदाचित’. तो शब्द मी वाचला होता. व्यासपीठावर गाळला. का? ‘कदाचित’ला टाळी पडत नाही म्हणून?

शामरावांना हे सगळं सांगितलं.

“आमी तं टाळ्या बी वाजवल्या,” ते म्हणाले. “आता बाकीची झाडं ठेवू का तोडू?”

भाषणात मला कधी शब्द अडला नाही. आज म्हणालो, “मला माहीत नाही, शामराव.”

ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, “हेच तवा म्हनले असते तं आठ वर्साची झाडं उभी असती.”

आठ वर्षांची. मी विचारलंही नव्हतं.