हिरवा ठिपका

२ मार्च

"बँडवाले कुठे गेले?" — जहाजावर पाय ठेवल्या ठेवल्या ह्यांचं पहिलं वाक्य! मागच्या माणसाकडे बघून मी उगाच हसले. थट्टा चाललीय असं वाटावं म्हणून.

बँड होता, खोटं नाही. पण तो तेव्हा! लग्नाला वर्ष झालं होतं. हे ज्या दुकानात कोट शिवायचे तिथल्या मालकानं खूश होऊन दोघांना क्रूझची तिकिटं दिली होती. धक्क्यावर बँड, आणि हातात रंगीत कागदी फिती — एक टोक आपल्याकडे, दुसरं निरोप द्यायला आलेल्यांकडे. जहाज हललं की फिती तटातट तुटायच्या. मी रडले होते, आणि हे माझ्याकडे बघून हसले होते. आज काय? लांबलचक गॅलरी, चेहऱ्याचा फोटो, बॅगा सरकत्या पट्ट्यावर. पाणी दिसलंसुद्धा नाही, आणि म्हणे आपण जहाजावर!

ते जुनं सगळं ह्यांना लख्ख आठवतं. सकाळी चहा घेतला का, ते विचारा — गप्प.

गेल्या उन्हाळ्यापासून मी हे झाकतेय. लेकीला कळता कामा नये. ती नर्स आहे, आणि ज्या संस्थेत नोकरी करते तिथे अशीच, आठवण गेलेली माणसं ठेवतात. शेजारच्या काकूंनी काकांना शेवटपर्यंत घरी सांभाळलं तेव्हा ही म्हणाली होती, "ही माया नाही आई, हा हट्ट आहे. दोघांचे हाल झाले." त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलंय. तिला कळलं की ती ह्यांना नेईल. चांगल्या मनानंच नेईल, पण नेईल! ह्या माणसाशिवाय त्या घरात मी काय करू?

मला ही सफर नकोच होती. ह्यांनी धोशा लावला आणि लेकीनं दुसऱ्या दिवशी तिकिटं काढली. नको म्हणायला कारण काय सांगणार होते?

३ मार्च

हे जहाज नाही, गाव आहे. सतरा मजले! लिफ्टचं दार कुठेही उघडा — तोच गालिचा, तीच दारं, तीच चित्रं. मी स्वतः दोनदा चुकले. हे चुकले तर? आणि मधला रस्ता ओलांडला की कठडा. कठड्यापलीकडे काही नाही.

तेव्हा अख्ख्या जहाजाला एकच जेवणघर. घंटा झाली की निघायचं. टेबल ठरलेलं, सोबतची माणसं ठरलेली. वाढप्याला तिसऱ्या दिवशी कळलं होतं की ह्यांना सूप चटका बसेल इतकं गरम लागतं. एकदा माझं डोकं दुखत होतं म्हणून गेलो नाही, तर लगेच दारावर टकटक — "बरं आहे ना बाई?" मला वैताग आला होता. दोन घटका एकांत म्हणून नाही! आता खाण्याची ठिकाणं इतकी की मोजायचा कंटाळा येतो. रांगेत उभं राहा, ताट भरा, मिळेल तिथे टेका. आम्ही दोघं चार दिवस जेवलो नाही तरी कुणाला पत्ता लागणार नाही.

एका परीनं बरंच आहे. कुणी ओळखत नाही, मग कुणाला कळणारही नाही.

संध्याकाळी हे कोट-टाय चढवून खुर्चीत बसले. "घंटा झाली का गं?" मी म्हटलं, झाली, चला. वर गेलो तर सगळे अर्ध्या चड्डीत! एक जण ओल्या टॉवेलात, पायात रबरी चपला, हातात चिप्सची बशी. चांगलं कापड कुणी उलटं कापावं तसा ह्यांचा चेहरा झाला. "अगं, ह्या लोकांचं सामान हरवलं की काय?" मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. खूप दिवसांनी हसले.

आणि एक! केबिन आवरणाऱ्या बाईनं सांगितलं — मनगटात जो रबरी पट्टा बांधलाय ना, त्यानं दार उघडतं, त्यानंच बिल होतं. शिवाय फोनवर जहाजाचा नकाशा येतो आणि आपलं माणूस कुठे आहे ते दिसतं. माझा ठिपका निळा, ह्यांचा हिरवा. "आजोबा कुठे फिरतात, सगळं समजतंय आता तुम्हाला!" असं म्हणून ती हसली. मी तिचे दोन्ही हात धरले. तिला काय वाटलं असेल!

४ मार्च

आज काही घडलं नाही. देवाची कृपा.

५ मार्च

लिफ्टमध्ये एक धिप्पाड गृहस्थ आमच्या पुढे उभे. ह्यांनी सरळ हात घातला आणि त्यांच्या जाकिटाचा खांदा चिमटीत धरला. "खांदा बसत नाही साहेब. काढा, आत्ता देतो करून."

तो माणूस असा काही गर्रकन वळला! "हात काढा आधी! कोण तुम्ही?"

मी मध्ये पडले. "अहो, शिंपी आहेत हो. जन्मभराची सवय."

"सवय? मग घरी ठेवा त्यांना!"

घरी ठेवा. मी घरीच तर ठेवायला बघतेय! लिफ्टमधली बाकीची माणसं आपापल्या फोनमध्ये बघत होती. मागच्या खेपेला ह्यांनी असंच एकाच्या कोटाचं बटण टेबलावरच शिवून दिलं होतं. त्यावर सगळ्या टेबलानं टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच बोटांनी तीच गोष्ट केली. तेव्हा टाळ्या, आज ही बोलणी.

केबिनमध्ये आल्यावर म्हणाले, "माझं काय चुकलं गं?" मी नळ सोडून न्हाणीघरात बसले. तिथे पोटभर रडून घेतलं.

झोपताना मोठी बॅग दाराला टेकवून ठेवते. लोटली तर आवाज होईल.

६ मार्च

अक्षर वाकडंतिकडं येतंय, येऊ दे.

दुपारी ह्यांना खालच्या मोठ्या दालनात बसवलं. पियानो चालू होता, हे डोलत होते. म्हणाले, "तू जा उन्हात, मी ऐकतो." मी वर गेले. जवळच पडलेल्या एका बाईशी गप्पा लागल्या — तीही दुसऱ्यांदा आलेली, तीही कुरकुरत होती की आता जहाजावर समुद्रच दिसत नाही, सगळीकडे टीव्हीचे मोठे पडदे आणि जत्रेतल्यासारखे पाळणे. मी मधूनमधून फोन बघत होते. हिरवा ठिपका जागच्या जागी, दालनाच्या कोपऱ्यात. पुन्हा बघितलं, तिथेच. पहिल्यांदा जिवाला जरा स्वस्थता वाटली. डोळा लागला थोडा. लाज वाटते लिहायला, पण लागला.

खाली आले तर पियानोवाला उठून गेलेला. खुर्ची रिकामी. ठिपका मात्र तिथेच! ठिपक्याच्या रोखानं कोपऱ्यात गेले तर चौकशीचं टेबल. टेबलामागे एक पोरसवदा बाई. हे कुठेच नाहीत. फोनवर मात्र हे माझ्यापासून हातभर अंतरावर उभे.

"कोटवाले आजोबा ना?" ती म्हणाली. "त्यांनी पट्टा काढून दिला माझ्याकडे. म्हणाले, किमती वस्तू आहे, तिजोरीत ठेवा. मला वाटलं गंमत करतायत." तिनं खण उघडला. पट्टा आत.

पर्सर! जुन्या जहाजावर पहिल्या दिवशी सगळ्यांची घड्याळं, दागिने जहाजाच्या खजिनदाराकडे द्यायची पद्धत होती. त्याला पर्सर म्हणायचे. माझ्या बांगड्या ह्यांनीच नेऊन दिल्या होत्या. शहाण्या माणसासारखे वागले हे! नियमाप्रमाणे वागले! आणि मी एका रबराच्या तुकड्यावर राखण करत उन्हात पडले होते.

तिला म्हटलं, माझा माणूस हरवलाय. सुरक्षेची माणसं आली. मोठा साहेब विचारतो, "कठड्याकडे जायची सवय आहे का?" हा प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग दुसरा हळूच कुणालातरी सांगतो, "आधी उघड्या डेकचे कॅमेरे बघा." मला ऐकू येऊ नये म्हणून हळू बोलला. मला सगळं ऐकू आलं. भोंग्यावर ह्यांचं वर्णन सांगितलं — उंच, पांढरे केस, करडा कोट. वर पाण्याच्या घसरगुंडीवर पोरं किंचाळत होती. कुणी थांबलं नाही. मी काचेला नाक लावून पाण्याकडे बघत होते, आणि पाण्यात प्रत्येक फेसाचा तुकडा मला पांढऱ्या केसांसारखा दिसत होता.

सापडले. सापडले! अगदी तळाला, जिथे प्रवाशांना मनाई, तिथे नोकरांचे गणवेश दुरुस्त करायची खोली आहे. एका खलाशाचं बटण लोंबताना दिसलं म्हणून हे त्याच्या मागे मागे गेले. मी गेले तेव्हा मान खाली, तोंडात दोरा, मांडीवर कुणाची तरी विजार. जहाजाचा शिंपी चाचरत म्हणाला, "मला वाटलं कंपनीनं नवीन मास्तर पाठवले. टीप बघा ना बाई!"

ह्यांनी वर बघितलं. "आलीस? थोडं राहिलंय, बस."

बसले. ह्यांची बोटं किती शांत होती. मी त्या बोटांवर चिडलेही आणि त्यांना हातात घेऊन बसावंसंही वाटलं.

७ मार्च

जहाजाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ह्यांना वार विचारला, महिना विचारला. हे माझ्याकडे बघतात — मी सांगेन म्हणून, नेहमीसारखी. बाई म्हणाल्या, "तुम्ही नका सांगू."

मग ह्यांना बाहेर बसवून मला म्हणाल्या, "किती दिवसांपासून?"

"कालच. उन्हानं झालं असेल."

त्यांनी नुसतं बघितलं. चोरी पकडल्यासारखं झालं मला. म्हणाल्या, "उरलेला प्रवास करू देईन, पण तुम्ही एक क्षण सोडायचं नाही. आणि घरी कळवावं लागेल. तुमच्या मुलीचा नंबर आहे आमच्याकडे."

मी हात जोडले. खरंच जोडले! "मुलीला नको. तिला कळलं तर मला ह्यांच्यापासून तोडेल." कुणापुढे कधी म्हणाले नव्हते, ते ह्या परक्या बाईपुढे बोलून गेले. त्यांनी पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि नियम तो नियम म्हणाल्या.

संध्याकाळपासून फोन उपडा करून ठेवलाय. दोनदा वाजला, उचलला नाही. हे म्हणतात, "अगं, घे की, लेक असेल." बरोब्बर तेवढं कळतं!

जेवायला मीही जरीची साडी नेसून गेले. दोघंच नटलेले त्या अर्ध्या चड्ड्यांच्या गर्दीत. ह्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. उद्या काय होईल ते होवो म्हणत मी घास गिळत होते.

८ मार्च

फोन उचलला शेवटी. लेक ओरडली नाही. म्हणाली, "आई, मला माहीत आहे सगळं. बाबाच आले होते माझ्याकडे, मागच्या पावसाळ्यात. म्हणाले, तुझ्या आईच्यानं झेपणार नाही आणि ती सोडायची नाही, म्हणून मी आपणहूनच तुमच्या संस्थेत राहायला येतो. खोली त्यांनीच पसंत केली. खिडकीत शिवणयंत्र बसेल का, विचारत होते. पुढच्या सोमवारी यायचं ठरलंय ना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई? जहाजावर मी तिला सांगेन, तिथे ती खुशीत असते, असं म्हणाले होते. म्हणून तर ही सफर. सांगितलं ना त्यांनी?"

हे समोर बसून टोस्टला लोणी लावत होते, मजेत. सांगायचं विसरले.

"कुणाचा गं फोन?" मला विचारलं. मी म्हटलं, "चुकून लागला."