कुत्रा हाड खात नाही

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द सवयीने लिहितो. आज खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितोय, कारण घरातली एकुलती एक धड खुर्ची जनावरांच्या डॉक्टरांनी अडवली आहे. ते कशाला आले ते पुढे येईलच.) तब्येतीची चौकशी करायची नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून करत नाही. मामी गेल्यापासून तुम्ही जेवता की नुसत्या चहावर दिवस काढता, हेही विचारत नाही. ते आईने विचारायला सांगितलं होतं. फोन तुम्ही उचलत नाही आणि दार तुम्ही उघडत नाही, तेव्हा राहता राहिलं पत्र. इकडे सगळी माणसं खुशाल आहेत. कुत्र्याचं मात्र काही खरं नाही.

आमच्याकडे कुत्रा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. हा कुत्रा तुमचाच. झालं असं, की माळा आवरताना तुमच्या जुन्या फ्लॉपींची पिशवी सापडली. तरुणपणी तुम्ही कॉम्प्युटरवर एक खेळ रचला होता, चित्रं नाहीत, नुसती वाक्यं, आपण दोन शब्दांत हुकूम लिहायचा आणि खेळाने उत्तर द्यायचं, तोच हा. मला हुक्की आली (मला हुक्की आली की घरातले आधी भांडी आवरून ठेवतात) आणि पिशवी घेऊन मी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने फ्लॉपी उलटसुलट करून पाहिली आणि हिच्यावरची जळमटं किती वर्षांची, असं विचारलं. मग त्याने कुठून तरी एक जुनं यंत्र पैदा केलं, फ्लॉपीतलं बाहेर काढलं, आणि आमच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरला म्हातारा झाल्याचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्रॅम बसवला. (माझा साडू केस काळे करून नेमकं याच्या उलट करतो, पण त्याला इतकं साधत नाही.) तरीही खेळ असा भरधाव पळायचा की वाक्यं वाचायच्या आत निघून जायची. शेवटी त्याने यंत्राचा वेग कमी केला. कॉम्प्युटर हळू करण्याचे पैसे घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पहिल्याच पडद्यावर मराठी वाक्यं, इंग्रजी अक्षरांत: तू एका खोलीत आहेस. पूर्वेला दार आहे. खुंटीला कंदील आहे. कोपऱ्यात कुत्रा आहे. ही मागून आली, चित्र कुठे आहे म्हणाली, चित्र नाही म्हटल्यावर नाक मुरडून निघाली. तेवढ्यात पुढची ओळ उमटली: कुत्रा भुकेला आहे. झालं. ही पदर खोचून शेजारी बसली ती अजून बसली आहे.

त्या दिवसापासून आमच्या घराचं बोलणं दोन शब्दांवर आलं. ताट घे. दिवा लाव. कचरा टाक. खरं सांगतो मामा, इतक्या वर्षांच्या संसारात मला काय करायचं ते इतकं स्वच्छ कधी कळलं नव्हतं. पण मी तिला काही सांगायला गेलो की ती तुमच्या खेळाचं ठरलेलं उत्तर मला देते: समजलं नाही. माझ्या गाडी शिकवायच्या धंद्यातही घोळ झाला. बँकेतल्या कॅशियरबाई शिकायला येतात, त्यांना मी भर चौकात दक्षिणेला वळायला सांगितलं. बाईंनी शांतपणे गाडी थांबवली आणि सूर्य कुठे आहे ते बघायला काच खाली केली. मागच्या गाडीवाल्यांनी जे ऐकवलं, त्यात कुठे जायचं ते अगदी स्पष्ट होतं.

इकडे बऱ्याच खटपटीनंतर खेळातल्या फडताळात हाड सापडलं. हाड दिलं. खेळ म्हणतो: कुत्रा हाड हुंगतो. खात नाही. पाणी दिलं, पीत नाही. हिच्याही घशाखाली घास उतरेना, मग माझ्या ताटाची काय कथा. म्हणून जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते आधी पोट धरून हसले. मग नुसती गंमत म्हणून त्यांनी लिहिलं, नाक बघ. उत्तर आलं: नाक कोरडं आहे. डॉक्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी माझ्या खुर्चीचा ताबा घेतला आणि तेव्हापासून ते हललेले नाहीत. त्यांच्या दवाखान्यातली एक शेळी आमच्या जिन्याला बांधली आहे, तिलाही इथेच बघतात.

खरा घात कंदिलाने केला. प्रत्येक हुकमाला थोडं तेल जळतं (ही दुष्ट कल्पना तुमचीच), आणि आता खेळ म्हणतो, कंदील मिणमिणतो आहे. तो विझला की खेळ खलास. जिथे आहोत तिथपर्यंतचा खेळ जपून ठेवायची सोय तुम्ही केलेली नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, त्यात काय, बंद करा आणि पहिल्यापासून सुरू करा. यावर हिने त्याला विचारलं, आणि हा कुत्रा? पहिल्यापासून सुरू केलं की नवा येईल, हा नाही येणार. दुरुस्तीवाला चपला काढून आमच्यातच येऊन बसला. डॉक्टरांनी मान डोलावली. तेव्हापासून कीबोर्डला कुणी हात लावत नाही. सगळे पडद्याकडे बघत बसलो आहोत.

वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहिला असता, पण तुमच्या घरात आता तुम्हीच वडीलधारे आणि तुम्हीच धाकटे. तेव्हा सगळे नमस्कार आणि आशीर्वाद तुम्हीच आपसात वाटून घ्यावेत.

तुमचा भाचा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तो कुत्रा काय खातो? उलट टपाली कळवा, दोनच शब्दांत. जास्त लिहिलंत तर आता या घरात कुणाला समजणार नाही.

ता. क. दुसरा: पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आई आली. तिने चष्मा लावून पडदा वाचला आणि म्हणाली, हा तर आमचा माहेरचाच कुत्रा. भाऊ शिकायला परगावी गेला तेव्हा असाच दाराकडे तोंड करून बसला होता. भरवलं तरी खाईना. भाऊ आला, शेजारी बसून आधी स्वतः दोन घास खाल्ले, तेव्हा हा जेवला. तेव्हा उत्तर लिहू नका, मामा. हाड आहे, पाणी आहे, कुत्र्याला त्यातलं काहीच नको आहे.

ता. क. तिसरा: एवढं सांगून आईने, आम्ही सगळे नको नको म्हणत असताना, एका बोटाने लिहिलं: भाऊ येतोय. उत्तर आलं: समजलं नाही. कंदील विझत आला आहे. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आई पडद्याला म्हणाली, समजेल, आणि आत जाऊन तुमचं ताट वाढायला घेतलं. लवकर निघा. शेळी दोरी सोडवून घरात शिरली आहे आणि ते ताट मी फार वेळ सांभाळू शकणार नाही.