हात न उचलता तीस दिवस

१ मे, गुरुवार. सकाळी ६.४०
नवी वही. रेन्स्के परवा आसेनला बहिणीकडे, आल्बेर्टाकडे, गेली. अट घालून गेली. तीस दिवस कुणावरही हात उचलायचा नाही. पाळलंस तर ३१ तारखेला दुपारच्या गाडीने येईन, स्टेशनवरून नेहमीसारखं सायकलच्या कॅरियरवर बसवून घरी ने. नाही पाळलंस तर मी इथेच राहीन, कायमची. अठ्ठावीस वर्षांचा संसार आणि परीक्षा मला!

वास्तविक मी शांत माणूस. अख्ख्या ग्रोनिंगन शहरात माझ्याइतकं साधं कुणी राहत नसेल. गाडी नाही, विमान नाही, मांस फक्त शनिवारी. रेन्स्केच्या पन्नाशीला जे झालं त्याला गल्लीतला लुबर्ट जबाबदार. सगळे गोलात खुर्च्या मांडून केक खात होते, आणि हा गल्लीच्या त्या टोकावरून, म्हणजे एकशेऐंशी पावलांवरून, गाडी घेऊन आला. मी त्याची किल्ली कालव्यात टाकली. मग लुबर्टला टाकलं. पाणी कमरेएवढंच होतं, हे कुणी लक्षातच घेत नाही.

संकल्प: हात खाली. घंटी एकदाच. शिव्या मनात. तीस दिवस म्हणजे हातचा मळ.

३ मे, शनिवार
उत्तम चाललंय. एक किरकोळ प्रकार, तो धरायचा नाही. स्टेशनसमोर सायकलच्या लाल पट्ट्यावर एक परगावचा पाहुणा चाकांची बॅग घेऊन फोटो काढत उभा. घंटी दिली. एकदाच. हलला नाही. मग मीही हललो नाही, सरळ गेलो. बॅग फुटली, तो बॅगेवर, मी त्याच्यावर. नाकातून रक्त बरंच आलं. पण त्याच्या नाकाला लागलं ते हँडल. हात हँडलवर होते, दोन्ही. नियमाप्रमाणे.

६ मे, मंगळवार
आज पुलावर एक नवा प्राणी. चाळिशीचा, टकला, जाड टायरच्या विजेवरच्या सायकलवर. पाय नुसते नाटकाला फिरवायचे. उजवीकडून, म्हणजे चुकीच्या बाजूने, घुसला आणि वर मला म्हणाला, आजोबा, पेडल मारताय की पीठ मळताय? मी छप्पन्न वर्षांचा आहे. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी हात हँडलवर. ऑफिसात पोचल्यावर स्टेपलर भिंतीवर मारला. भिंत म्हणजे कुणी नव्हे.

९ मे, शुक्रवार. रात्री
भुवईला तीन टाके. सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कुणी भलतं काही म्हणायला नको.

आमच्या गल्लीची योजना: घरांपुढच्या फरश्या उखडायच्या, माती मोकळी करायची, झाडं लावायची. अध्यक्ष मी. सगळ्यांनी उखडल्या, लुबर्ट एक फरशी द्यायला तयार नाही. म्हणाला, माझी गाडी काय लॅव्हेंडरवर लावू? मी शांतपणे पहारीने पहिली फरशी उचलली. ती त्याच्या पायावर पडली. दोन बोटं मोडली. त्याने पाण्याची पत्र्याची झारी माझ्या तोंडावर हाणली. मग मी त्याला त्याच झारीने. मग तो लॅव्हेंडरमध्ये.

हिशेब स्वच्छ आहे. फरशी उचलली, झारी उचलली, हात नाही.

रेन्स्केचा फोन आला. आवाज का असा येतोय, म्हणाली. ओठ सुजलाय, झाडाची फांदी लागली, म्हणालो. ती म्हणाली, अठ्ठावीस वर्षं तुला झाडंच मारतायत वोब्बे. मी हसलो. ती हसली नाही.

१४ मे, बुधवार
जाड टायर. पुन्हा पुलावर, पुन्हा उजवीकडून. माझा गुडघा त्याच्या सायकलला घासला. मी हवा भरायचा पंप त्याच्या मागच्या चाकात घातला. निव्वळ त्याला थांबवायला, सुरक्षिततेसाठी. तो हँडलवरून पुढे गेला, हनुवटीवर आपटला. उठला तर तोंडात रक्त आणि दातांपैकी एक हातात. माझ्याकडे बघून म्हणाला, थेरड्या, आता तुझे मोजतो. बरगड्यांत दोन गुद्दे. मी त्याच्या पोटात डोकं घातलं. दोघं सायकलींच्या ढिगात.

कुणी सोडवायला आलं नाही. एक आजी मात्र फुलांची टोपली घेऊन आल्या, घंटी वाजवली आणि म्हणाल्या, अहो, मारामारी एकाच पट्ट्यात करा, दुसरा येणाऱ्याजाणाऱ्यांना मोकळा ठेवा. बरोबर होतं. आम्ही सरकलो. तिथे त्याने माझा कान चावला.

आज हात उचलला का? विचार केला. तो कानाला लटकला होता, तेव्हा तोल सांभाळायला उचलला. आपटला त्याच्या डोळ्यावर. धरायचा नाही.

१५ मे
बरगडी दुखते. हसता येत नाही. हसण्यासारखं काही नाहीच म्हणा, त्यामुळे गैरसोय नाही.

नवा उपाय सुचला. उद्यापासून सव्वासहाला निघायचं. ना तो, ना वाद. सुंठीवाचून खोकला गेला.

१६ मे. सकाळी ६.५५
तोही मला टाळायला सव्वासहाला निघतो.

पूल रिकामा, फक्त आम्ही दोघं. मी म्हणालो, तू का आलास? तो म्हणाला, तू का आलास? शब्दाने शब्द वाढला. साखळीचं कुलूप कमरेला होतंच. त्याच्या खांद्यावर बसलं, त्याची सायकल माझ्या नडगीवर. सायकलवरून एक पोलीस बाई आली, वयाने माझ्या मुलीएवढी असती, मला मुलगी असती तर. तिने दोघांना कठड्यावर बसवलं, लहान पोरांसारखं. मी तिला शहरातल्या हवेबद्दल दहा मिनिटं समजावलं. ती म्हणाली, काका, हवा चांगली आहे, तुम्ही वाईट आहात. पुन्हा दिसलात तर दोघांना आत घालीन.

टकल्याचं नाव कळलं: फोल्कर्ट. बेकरीत कामाला. लोकांना पाव करतो आणि त्याच लोकांना चिरडतो.

२१ मे, बुधवार
पाच दिवस काहीही नाही! नडगीमुळे घराबाहेर पडलो नाही. पण पाच म्हणजे पाच.

२६ मे, सोमवार
फोन. आधी आल्बेर्टा बोलली. म्हणाली, मी तुझ्याशी बोलत नाहीये, फक्त फोन देतेय. मग रेन्स्के. किती दिवस झाले? सव्वीस, म्हणालो. कुणाला काही नाही? काही नाही.

मग ती म्हणाली, मला तुझी भीती वाटते रे. तू माझ्यावर कधी हात टाकला नाहीस, मान्य. पण मागे बसून मी तुझा कमरेचा पट्टा धरते ना, तेव्हा तुझ्या पाठीत काय चाललंय ते मला कळतं. कुणी आडवं आलं की पाठ दगड होते. मग पुढे कोण मार खातंय ते मला दिसत नाही, पण आवाज येतो. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नाही, वोब्बे. मला घरी यायचंय.

रडत होती. मीही थोडा. थंडीने असेल.

तिला माझे पाठीचे स्नायू जाणवतात, हे ऐकून बरं वाटलं.

३० मे, शुक्रवार
तीस दिवस पूर्ण! लुबर्ट, पाहुणा, फोल्कर्ट वगळता एकही प्रसंग नाही. टायरला हवा, साखळीला तेल, कॅरियरवर नवी उशी. सफरचंदाचा केक आणलाय. उद्या जन्म नवा.

३१ मे, शनिवार. संध्याकाळ
क्रमाने लिहितो.

गाडी वेळेवर आली. रेन्स्के निळ्या कोटात. भुवईकडे पाहिलं, विचारलं नाही. मी हळू निघालो, ती दोन पावलं धावली आणि नेहमीसारखी टुणकन कॅरियरवर बसली. पट्टा धरला. हळू ने हं, म्हणाली. केक आहे का घरी, म्हणाली. इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

पुलावर मागून घंटी. एकदाच. फोल्कर्ट. डावीकडून, बरंच अंतर ठेवून पुढे गेला आणि जाताना हात वर करून म्हणाला, नमस्कार, दिवस छान आहे.

मला तो टोमणा वाटला.

पेडल मारलं. आधी सायकल जड होती, पुलाच्या उतारावर एकदम पिसासारखी हलकी झाली. वाटलं, तीस दिवसांच्या संयमाचं फळ, अंगात ताकद आली. बागेच्या कोपऱ्यावर त्याला गाठलं, कॉलर धरून खाली ओढलं. तो म्हणाला, नको, मी काही केलं नाही. हात खाली सोडून पडला होता. मी छातीवर बसून मारलं. तोंडावर, पुन्हा तोंडावर. माझी बोटं फुटली. त्याचा ओठ फाटून दात दिसायला लागले. त्याने एकदाही उलट मारलं नाही. रक्त थुंकून माझ्या खांद्यामागे बघितलं आणि विचारलं, तुझ्यामागे बाई बसल्या होत्या ना? त्या कुठायत?

कॅरियर रिकामं होतं.

ती पुलाच्या उतारावर पदपथाच्या कडेला बसली होती. दोन्ही गुडघे सोललेले, तळहातात खडी, मनगट सुजलेलं. धावत्या सायकलवरून उडी टाकली होती. मी म्हणालो, लागलं का? बस, आता अगदी हळू नेतो. तिने माझी बोटं बघितली. म्हणाली, चार वेळा म्हणाले थांब. मग स्टेशनकडे चालत गेली, लंगडत. मी सायकल घेऊन मागे गेलो तर म्हणाली, मागे येऊ नकोस, मला घाबरायला होतंय.

१ जून, रविवार
आल्बेर्टाचा निरोप: मनगट मोडलंय, रेन्स्के कपडे बुधवारी न्यायला येईल, तेव्हा तू घरी नसावंस.

तिचं थांब म्हणणं मला ऐकू आलं नाही, कारण वारा समोरून होता. वाऱ्यात मागचं ऐकू येत नाही, कुणालाही विचारा. शिवाय उतार, शिवाय रहदारी.

वारा नव्हता. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच ऐकू आलं होतं.