एबेच्या घरचं पाणी

रिबे, ४ नोव्हेंबर १९९१

ती. दाग्नीताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. बोदिल गेल्यापासून कळवण्यासारखं काही घडत नाही. जेवतो, झोपतो. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून मात्र विचारणा आलीय, घरात भाडेकरू ठेवलेत का म्हणून. आम्ही दोघं नवरा-बायको असताना लागायचं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी मी एकटा वापरतो म्हणे. कुठेतरी गळत असेल. मी अजून पाहिलं नाही. तू इथे असतीस तर एव्हाना एकेका नळाची झडती घेतली असतीस.

तिकडच्या वाऱ्यात जप. माया आहे तशीच ठेव.

तुझा एबे

स्कायेन, ८ नोव्हेंबर

चि. एबेस,
अ. उ. आ.

संडासाच्या टाकीत व्हिनेगरमधल्या बीटचं लाल पाणी ओत आणि तासभर हात लावू नकोस. खाली भांड्यात लाली उतरली तर टाकी गळते. मग सगळे नळ बंद करून तळघरातल्या मीटरचं बारकं चाक बघ. तरीही फिरत असेल तर जमिनीखालचा पाइप गेला. शेजारच्या ट्रोल्सला हाताशी घे, नाहीतरी तो दिवसभर खिडकीत बसून रस्ता राखतो. उरलेलं बीट खा. 'जेवतो' एवढ्यावर माझा विश्वास नाही.

लगेच लिही, वाट बघायला लावू नकोस.

तुझी ताई

रिबे, १५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लाली उतरली नाही. नळ बंद केल्यावर चाकही थांबलं. मग ट्रोल्स म्हणाला, तू रोजच्यासारखा वाग, मी मीटरपाशी बसतो. भांडी घासली, कपडे धुतले, सगळं ठीक. शेवटी मी अंघोळीला गेलो. खाली त्याचा तंबाखूचा पाइप ओढून संपला तरी चाक फिरतच होतं. त्याने वर येऊन दार वाजवलं, मी ओ दिली नाही, म्हणून आत आला आणि शॉवरच्या पाण्याखाली हात धरला. बॉयलरमधलं गरम पाणी केव्हाच संपलं होतं. बर्फासारखं गार पाणी अंगावर घेत मी उभा होतो. त्याने नळ बंद केला आणि मला टॉवेलात गुंडाळलं. मला वाटलं होतं, मी आत्ताच आत आलोय.

"एबे, तुला गार लागत नाही का रे?" एवढंच त्याने विचारलं. मी नाही म्हणालो. ते खरंच होतं. रोज असंच होत असणार.

तेव्हा गळती नाही. भाडेकरू नाही, असं ऑफिसला कळवलंय.

रागावू नकोस.

एबे

स्कायेन, १८ नोव्हेंबर

चि. एबेस,
अ. उ. आ.

शुक्रवारच्या गाडीने येते. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तू अंघोळीला गेलास की मी बाहेर विणत बसेन. फार वेळ झाला की दार वाजवीन. ओ आली नाही तर पुन्हा वाजवीन.

बाकी भेटीत.

ताई

रिबे, २० जानेवारी १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू परत घरी नीट पोचलीस हे ट्रोल्सकडून फोनवर कळलं. त्याला फोन करतेस आणि मला नाही, हे लक्षात आलंय माझ्या.

आज सकाळी दार वाजवायला कोणी नव्हतं. पाण्यात उभा होतो आणि एकाएकी दात वाजायला लागले. गार लागलं, ताई, भयंकर गार. पटकन नळ बंद केला आणि दार किलकिलं करून बोदिलला हाक मारली, अगं टॉवेल दे म्हणून.

मग ध्यानात आलं. तिथेच खाली बसलो आणि रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा.

तुला आजच कळवावंसं वाटलं.

तुझाच,
एबे