तू अर्ध्यावर टाकलेली चाल

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग घालावा अशी मनःस्थिती नाही, पण कागदावर घालायला काय जातं.) तुझे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. माझी मान दुखते, आणि त्याला कारण तू आहेस.

आईने अंथरूण धरलंय आणि तिला तुझी ती चाल शेवटपर्यंत ऐकायची आहे, एवढंच मी तुला कळवलं होतं. चाल तू बांधलीस, नोकरी लागली तशी अर्ध्यावर टाकून गेलीस, व्हायोलिन आमच्या कपाटावर धूळ खात पडलं. मला वाटलं, तू काहीतरी करशील. तू उपदेश पाठवलास. म्हणे, रोज नेमाने वाजव, अर्धवट राहिलेलं आपोआप पुरं होतं. आपोआप म्हणे. रियाजाने हात सुधारतो, ताई. तुझ्या डोक्यात राहिलेली चाल माझ्या बोटांत कुठून उतरणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

तरी बसलो. चष्म्याचं दुकान बंद करून आलो की जेवणाआधी रोज. तुझ्या भावजयीने आधी दार लावून घेतलं, मग कानात कापूस घातला, आणि आता तो कापूस ती मी दुकानात असतानाही काढत नाही (खबरदारी म्हणून, असं तिचं म्हणणं). पण खरं संकट पुढेच होतं. चाल जिथे अडते तिथपर्यंत सगळ्या इमारतीला पाठ झाली. खालचे शिंपीकाका (तुझ्या फ्रॉकची एक बाही कायम लांब ठेवायचे, तेच) माझ्या तालावर मशीन चालवू लागले. मी थांबलो की तेही थांबत, दोरा तोडत, कापड फिरवून घेत. मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आणि परवा मला पुढचं सुचलं. खरंच सुचलं, आणि चांगलं होतं. मी न थांबता पुढे गेलो. काकाही गेले. कुणाच्या तरी मुलाखतीच्या कोटाची बाही मनगटापाशी आरपार शिवली जाऊन बंद झाली. थोड्या वेळाने दारात काका, आणि शेजारी तो कोट घालून बघताना बाहीत हात अडकलेला एक माणूस. काका मलाच म्हणाले, "चाल तिथे संपते हो. आम्हाला न सांगता वाढवलीत कशी?" चोर सोडून संन्याशाला फाशी. कोटवाल्याने उरलेल्या हाताने माझ्या नाकासमोर बोट नाचवलं ते वेगळंच.

तेव्हा यापुढे सल्ले पाठवू नकोस. भावोजींना नमस्कार, त्यांचा यात काही दोष नाही.

तुझा अत्यंत संतापलेला
धाकटा भाऊ

ता. क. यायची मुळीच गरज नाही. आम्ही समर्थ आहोत.

आणखी एक ता. क. ते लोक गेल्यावर मी आईजवळ बसून माझा शेवट वाजवला. तिने डोळे मिटून सगळा ऐकला. मग म्हणाली, "छान वाजवतोस रे. आता ती आली की पुढचं वाजवेल." म्हणजे माझा शेवट तिने शेवट धरलाच नाही. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टर म्हणतात, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. तर ये. तुला शेवट आठवत नसला तरी ये. माझाच शिकवतो, तू वाजव. तुझ्या हातून आला की तिला पटेल.