हेडविगबाईंचा दुसरा आवाज

प्रिय ताई,

रविवारी दुपारी सगळं न्युरेम्बर्ग कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटतं. वॉशिंग मशीन लावायचं नाही, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. रूहेत्साइट, म्हणजे शांततेची वेळ, पाळायची. अंगणातल्या लिंडेनला फुलोरा आलाय आणि त्याचा मधाळ वास खोलीभर रेंगाळतोय. सुधा ईपूला घेऊन नदीवर गेलीय. मला तुला आमच्या खालच्या मजल्यावरच्या हेडविगबाईंबद्दल सांगायचंय. फोनवरच सांगितलं असतं, पण हल्ली तू फोन उचलत नाहीस, नुसते मेसेज पाठवतेस. असो.

मागच्या वर्षी अशाच एका दुपारी ईपू तू शिकवलेली भूपाची सरगम म्हणत घरभर नाचत होती. मी तिला गप्प केलं, आणि तेवढ्यात बेल वाजली. दारात हेडविगबाई. ताठ, उंच, पांढरे केस मागे वळवलेले. आता तक्रार येणार म्हणून मी पाठ केलेली जर्मन माफी सुरू केली, तर त्यांनी हात वर केला. "ती गात होती. थांबवलंत का?" एवढंच विचारलं आणि आत येऊन बसल्या. ईपूला तर आजीच मिळाली. आपल्याशी मराठीत बोल म्हटलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी आपली ईपू त्यांना मात्र कौतुकाने मराठी शब्द शिकवते.

बाई मूळच्या ऑस्ट्रियाच्या. तिथल्या डोंगरात त्यांच्या वडिलांची लाकूड कापायची गिरणी होती. करवत दिवसभर किंचाळायची आणि ही मुलगी तिच्या वरताण गायची. एकदा मध्येच वीज गेली, करवत थांबली, आणि गाणं तेवढं उरलं. कामगार हातातले ओंडके तसेच धरून उभे राहिले. वडिलांनी तिला ग्राझ शहरात गाणं शिकायला पाठवलं, तिथून ती इथल्या ऑपेरात आली. सोप्रानो, म्हणजे बायकांचा सगळ्यात उंच आवाज. माइक नाही, समोर अख्खा वाद्यवृंद, आणि त्याच्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा. बाई राण्या झाल्या, नवऱ्या मुली झाल्या, आणि जवळजवळ दर आठवड्याला शेवटच्या अंकात मेल्या. "मरून घरी यायचे आणि पोटभर सूप प्यायचे," असं सांगताना त्या अजून लाजतात.

घरी ओटो असायचे. ते त्याच वाद्यवृंदात ओबो वाजवायचे, आपल्या सनईच्या नात्यातलं वाद्य. वादकांची जागा रंगमंचाच्या पुढे, खाली खड्ड्यात असते. ओटोंच्या खुर्चीवरून रंगमंच दिसायचाच नाही. बायकोचे रेशमी पोशाख, तिचं मरणं, लोकांचे डोळे पुसणं, यातलं काहीही त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांच्या डोक्यावरून जायचा तो फक्त तिचा आवाज.

कारकीर्द अगदी भरात असताना बाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ. गाठ साधीच निघाली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण वरचे सूर गेले. बोलता यायचं, खालचं थोडंफार गाता यायचं. वर जाऊ लागलं की आवाजाच्या जागी नुसती हवा.

हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. तुझ्याबद्दल मी त्यांना अवाक्षर बोललो नव्हतो.

त्यानंतर त्या घराबाहेर पडेनात. ओटो स्वयंपाकघराचं दार लावून रियाज करायचे आणि त्या उशीत डोकं खुपसायच्या. मग ऑपेरातून विचारणा आली: एका म्हाताऱ्या दाईचं काम, चार ओळी, सगळ्या खालच्या पट्टीतल्या. जिथे राणी म्हणून मिरवल्या तिथे तबक घेऊन यायचं! बाई चिडून रडल्या. ओटो तसे अबोल गृहस्थ. ते म्हणाले, "हेडी, तू कोणाचं काम करतेस ते मला तसंही दिसत नाही. मला फक्त तू वर आहेस हे ऐकायचंय."

त्या गेल्या. चमत्कार वगैरे झाला नाही, ताई. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानात काहीतरी कुजबुजली तेही दिसलं. चार ओळी गायल्या आणि तबक घेऊन आत आल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. पुढे किती वर्षं त्या दाया, आया, खानावळवाल्या गात राहिल्या. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? म्हणाल्या, "हो, रोज. पण गात असताना नाही."

आता तुझं. डिसेंबरात मी साताऱ्याला आलो तेव्हा तानपुरा कपाटावर खोळीत होता. शिकायला येणाऱ्या मुलींना तू बंद म्हणून सांगितलं होतंस. मी विषय काढला की तू मला आणखी भाजी वाढायचीस. तुझ्या गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी आवाज थोडा उतरेल म्हटलं होतं, तू त्याचा अर्थ संपला असा घेतलास. मीही काही बोललो नाही. काय बोलणार, मला सुरातलं काय कळतं?

गेल्या आठवड्यात हेडविगबाई आमच्याकडे केक खात बसल्या होत्या. ईपूने माझ्या फोनवर तुझा तो व्हॉइस मेसेज लावला, तिच्या वाढदिवसाचा, ज्यात बोलता बोलता तू नकळत एक ओळ गुणगुणलीस. बाईंचा काटा ताटलीवर थांबला. कोण आहे ही? मी म्हटलं, माझी बहीण, गायची पूर्वी. त्या म्हणाल्या, "पूर्वी? आत्ता गातेय की." मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या, पियानो उघडला, तुझी ओळ पुन्हा पुन्हा लावत एकेक पट्टी दाबत गेल्या आणि एका सुरावर थांबल्या. तिचा आवाज इथे सुखाने बसतो, म्हणाल्या. मी नीट मोजलं: आपल्या पेटीवरची पांढरी चार. तू जन्मभर तिच्याहून बरीच वर, काळी पाचमध्ये गायलीस. तिथेच शोधत राहिलीस म्हणून सापडला नाही. एवढ्यासाठी हे पत्र लिहिलं. तानपुरा खाली काढ, तारा बदलाव्या लागल्या तर बदल, आणि पांढरी चारमध्ये नुसता सा लाव. जुना आवाज परत येईल असं मी म्हणत नाही, बाईंनीही म्हटलं नाही. पण लहानपणी मी अंथरुणात पडून रोज पहाटे तुझा रियाज ऐकायचो, आणि राग ओळखता येत नसला तरी तू जागी आहेस एवढं कळायचं. मला पुन्हा तेवढंच कळायला हवंय.

तुझाच,
यशोधन