दहा गुणांचं खोटं

९ सप्टेंबर, सोमवार

मिळाली! शिष्यवृत्ती मिळाली! दोन वर्षांची फी, बसचा पास, घरी वापरायला लॅपटॉप, शनिवारी गणिताची वेगळी शिकवणी. कॉलेजच्या ऑफिसातल्या बाईंनी पत्र हातात दिलं आणि मला थँक्यू म्हणायचंही सुचलं नाही. वेड्यासारखी हसत उभी!

घरी आले तर सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. पत्र वाचून दाखवलं. त्यांनी सुरी ठेवली, हात पुसले. "आता त्या अंड्यांच्या शेडमधलं काम सोड. संध्याकाळी खोकी भरायची की अभ्यास करायचा?" मग चिमीला कडेवर घेऊन घरभर नाचल्या. पाच वर्षांची घोडी ती, आणि यांचे गुडघे असले! चिमीला तर हसू आवरेना.

मीही हसले. पण अर्जासोबतच्या निबंधात काय लिहिलंय ते मलाच ठाऊक.

१० सप्टेंबर, मंगळवार

लिहूनच टाकते. निदान इथे तरी.

फॉर्मवर प्रश्न होता — तुमच्या शिक्षणातला सर्वांत मोठा अडथळा कोणता? खरं उत्तर असं, की गावातून सकाळी एकच बस सुटते, कॉलेज दोन तासांवर आहे आणि माझं गणित कच्चं. हे वाचून कुणाला पाझर फुटणार? पुढच्या वर्गातली एक पोरगी म्हणाली होती, "रडवलंस तर मिळेल." म्हणून रडवलं! सासूनं माझं प्रवेशाचं पत्र मुदत संपेपर्यंत लपवून ठेवलं, वर्ष वाया गेलं, तरी मी हरले नाही — असं दोन पानं भरून लिहिलं. लिहिता लिहिता मलाच रडू आलं, इतकं छान जमलं.

धादांत खोटं. मला ताप होता तेव्हा प्रवेशाचा फॉर्म आणायला सासूबाईच त्या बसनं गेल्या होत्या. दोन तास जायला, दोन यायला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

लॅबमध्ये सध्या रक्त काढायला शिकवतायत. सगळ्यांना शीर सापडते, मला सापडत नाही. घरी बोलून बसले तर सासूबाईंनी लगेच बाही वर केली. "घे, माझ्या हातावर शोध. सुई नको हं, नुसतं बोटानं."

दहा वेळा पट्टा बांधला, दहा वेळा सोडला. दंडावर वळ उठले.

"अगं, आवळ की चांगला! मी काय काचेची आहे?"

शेवटी सापडली. बोटाखाली टुपटुप लागत होती. मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

चाचणीत एक्याऐंशी! गणितातसुद्धा पास. शनिवारची शिकवणी नसती तर आपटलेच होते. शेड सुटल्यापासून संध्याकाळचे तीन तास पुस्तकाला मिळतात. आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, हे आपल्याला जमेल.

आणि तेवढ्यात ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "तुमचा निबंध बातमीपत्रात छापतोय. समितीतल्या सगळ्यांना फार भावला."

तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नाव नका घालू." बस्स. एवढीच माझी हिंमत!

५ ऑक्टोबर, शनिवार

नाव नाही, पण गावाचं नाव असणार. या गावातून त्या कॉलेजात जाणारी मी एकटी. कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतेय?

२१ ऑक्टोबर, सोमवार

व्हायचं ते झालं.

सासूबाई चिमीला घेऊन दुकानात पाव आणायला गेल्या होत्या. परतल्या त्या पावाशिवाय. चपला काढल्या आणि सरळ आतल्या खोलीत गेल्या. चिमीनं सांगितलं, "दुकानवाल्या मावशीनं आजीला कॉलेजचा कागद वाचून दाखवला. आजी पोत्यावर बसली. मावशी म्हणाली, तुम्ही अशा असाल असं वाटलं नव्हतं."

मी आत गेले. "आई —"

"चहा टाक. घसा सुकलाय."

एवढंच! दोन बोल सुनावले असते, भांडं आपटलं असतं, तर बरं वाटलं असतं. मी चहा टाकला, साखर घालायची विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

अबोला. सकाळी डबा मात्र भरलेला. दुपारी उघडला आणि तसाच मिटला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

नवरा टँकरवरून परतला. दूध पोचवायला चार-चार दिवस बाहेर असतो, त्याला काहीच माहीत नाही. "दोघींचं बिनसलंय का?" विचारतो. आम्ही दोघी एकाच वेळी "नाही" म्हणालो.

दुकानवाली म्हणे सासूबाईंचे सुटे पैसे काउंटरवर ठेवते, हातात देत नाही. वीस वर्षांची ओळख! आणि या काही बोलत नाहीत. एका शब्दानं "हे खोटं आहे" म्हणत नाहीत. का?

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात गेले. दार लावून घेतलं. एका दमात बोलले, नाहीतर परत फिरले असते. "निबंध खोटा आहे. माझ्या सासूनं काही लपवलं नाही. उलट त्या आहेत म्हणून मी इथे आहे. शिष्यवृत्ती काढून घ्या."

बाईंनी चष्मा काढला. बराच वेळ फाइल चाळली. मग म्हणाल्या, "निबंध दहा गुणांचा होता."

"म्हणजे?"

"शंभरातले दहा. ते शून्य धरले तरी तुम्ही यादीत पहिल्याच. एकच बस, दोन तासांचा प्रवास, लहान मूल, घरात कुणी कॉलेजला गेलेलं नाही. अहो, ही शिष्यवृत्ती काढलीय कुणासाठी? तुमच्यासारख्यांसाठीच ना! खरं लिहिलं असतंत तरी मिळालीच असती."

मी तिथेच रडले. आनंदानं नव्हे. म्हणजे त्या माउलीला मी गावभर काळं फासलं ते कशासाठी? दहा गुणांसाठी. तेही गरज नसलेल्या!

झालं ते लेखी मागितलंय. समिती ठरवेल. "बहुतेक राहील," बाई म्हणाल्या, "पण शब्द देत नाही." पुढच्या अंकात खुलासा छापणार — या वेळी नावासकट. मीच सांगितलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शिकवणीहून थेट दुकानात गेले. चार-पाच गिऱ्हाइकं होती. बरंच झालं. मोठ्यानं म्हटलं, "ते मी लिहिलं ते खोटं होतं. पैशासाठी लिहिलं. माझ्या सासूबाईंनी असलं काही केलेलं नाही."

दुकानवाली म्हणाली, "मग आता तुझं कुठलं खरं मानायचं बाई?" ऐकून घेतलं.

घरी आले. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. सगळं सांगितलं, पायाशी बसून सांगितलं. संपल्यावर त्यांनी विचारलं ते भलतंच —

"हे तू मनानं लिहिलंस?"

"हो."

"कुणी सांगितलं नव्हतं? कुठे काही बघितलं नव्हतंस?"

"नाही हो आई. कोण सांगणार?"

चिमीच्या एकाच फ्रॉकची त्यांनी तीनदा घडी घातली.

२७ ऑक्टोबर, रविवार

सकाळी त्यांनी कपाटाच्या तळाच्या कागदाखालून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. वर वन्संचं नाव. शहरातल्या कारखान्यात दिवसभर शर्टांना कॉलर शिवणाऱ्या माझ्या वन्संचं! आत एकोणीस वर्षांपूर्वीचं पत्र. कॉलेजात प्रवेश. सोबत पूर्ण शिष्यवृत्ती.

"तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. ती गेली असती तर मी एकटी पडले असते," म्हणाल्या. "तिला अजून वाटतं, तिला घेतलंच नाही. मला वाटलं, तुला हे सापडलं आणि त्यावरूनच तू लिहिलंस."

येत्या रविवारी हे सांगायला वन्संना बोलावलंय. मी शेजारी बसायचं — एवढंच मागितलंय त्यांनी.